सासूबाईंच्या हातची पाटी

सुट्टीच्या दिवशी माणसं झोपा काढतात. आमचे हे भंगारवाल्याच्या अंगणात जाऊन बसतात. एरवी गळके रेडिएटर दुरुस्त करणारा साधा माणूस, पण इनॅमलची जुनी पाटी दिसली की गेलाच कामातून! टायरच्या, पेट्रोलच्या, मोटारतेलाच्या पाट्या. मोटार रस्त्यावर नवलाईची होती तेव्हाच्या. बैठकीच्या भिंती भरल्या, जिना भरला, आता माझ्या स्वयंपाकघरावर डोळा आहे. संध्याकाळी उन्हाची तिरीप आत आली की निळ्या-पिवळ्या रंगांतून मोठ्या दिव्यांच्या मोटारी सावकाश निघाल्यासारख्या वाटतात, आणि हे समोर बसून कुठल्या कुठे पोहोचलेले असतात. मीही कधीकधी जाते बरोबर. त्यांना सांगत नाही, उगाच चढून बसतील.

हे वेड लागलं सासूबाईंमुळे. लग्नाआधी त्या पाट्यांच्या कारखान्यात होत्या. पत्र्यावर काचेची रंगीत पूड वाळवायची, वर अक्षरं कापलेली स्टेन्सिल धरायची, उघडी राहिलेली पूड कुंचल्याने झाडायची आणि पत्रा भट्टीत द्यायचा. आता त्यांची नजर गेली, तब्येतीचाही भरवसा नाही. त्या आहेत तोवर त्यांच्या हातची एक तरी पाटी त्यांच्या मांडीवर ठेवायची, एवढंच ह्यांच्या मनात. सासूबाई पक्क्या डावखुऱ्या. डाव्या हाताने झाडलं की अक्षरांची उजवी कड खरखरीत होते, म्हणे. म्हणून हे तेवढ्याच पाट्या घ्यायचे, बाकीच्या भंगारवाल्याकडेच बाजूला सारायचे.

परवा एक आणली. तेलाची, गर्द निळी. सासूबाईंनी बोटं फिरवली.

"छान आहे रे. कोणाची?"

"तुझी! डाव्या हाताची आहे, बघ ना."

"अरे वेड्या, कारखान्यात डावा हात कोण चालवून घेणार! शेजारणीला कोपर लागायचं. मी उजव्यानेच झाडायचे."

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. इतकी वर्षं नेमक्या आईच्याच पाट्या बाजूला सारत आलेला माणूस! मला रडूच फुटलं, आणि रडू आलं की मी ओरडते.

"अहो, आधी विचारायचं नाही का त्यांना?"

"तिला अचानक द्यायची होती," हे पुटपुटले.

"मग मलाच ने की तिकडे," सासूबाई म्हणाल्या.

भंगारवाल्याने खुर्ची टाकली. हे एकेक पाटी मांडीवर ठेवायचे, त्या ओठ मिटून चाचपायच्या. "नाही. पुढची." ऊन कलत गेलं. वाऱ्याने पत्रे हळूच वाजत होते. सासूबाईंकडे बघता बघता वाटायला लागलं, ह्या इथे नाहीतच; रंगीत धुळीने भरलेल्या त्या खोलीत जाऊन बसल्यात, केस काळेभोर, नाकावर पिवळी पूड.

पेट्रोलच्या एका पाटीवर त्यांचा अंगठा अडला. अक्षराच्या पोटात रंग फिस्कटलेला होता. ह्यांनी ती पाटी कितीदा तरी उचलून परत ठेवलेली. सासूबाई खुदकन हसल्या, मग हसतच सुटल्या.

"हीच. इथे मला शिंक आली होती. मुकादम बघायच्या आत भट्टीत सारली!"