दर घडीला एक वाक्य

सकाळी पहिली चादर हातात घेतली की वन्सं विचारायच्या, "कुठवर आलो होतो आपण?"

वहिनी सांगायची, "ती बाई स्टेशनवर उतरली होती." किंवा, "मुलगा घरी आला होता, पण आई त्याच्याशी बोलली नव्हती." हॉस्पिटलच्या धुलाईघरात कित्येक वर्षं दोघींचा दिवस असाच सुरू होत आला होता.

मोठ्या चादरीची घडी एकटीला धड घालता येत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, मागे सरकायचं, चादर ताणून एक झटका द्यायचा आणि टोकांना टोकं जुळवत एकमेकींजवळ यायचं. लांब असताना यंत्रांच्या घरघरीत काही ऐकू येत नसे. जवळ आल्या, बोटांना बोटं लागली, की वन्सं एक वाक्य सांगत. मग पुन्हा लांब. दर घडीला एक वाक्य, असं करत वन्संनी वहिनीला कादंबऱ्याच्या कादंबऱ्या ऐकवल्या होत्या. वहिनी चौथीपर्यंत शिकलेली. बस बराच वेळ थांबली तर तिला बसची पाटी वाचता येई.

वन्सं म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, नाकावर कधी माशी बसू दिली नाही. नवरा गेल्यावर दोन खोल्यांत या दोघीच उरल्या. कपाटाच्या किल्लीवरून, खिडकी उघडी की बंद यावरून त्यांचं वाजायचं आणि मग घरात अबोला धरला जाई. पण धुलाईघरात गोष्ट चालूच. "भांडण आपलं आहे," वन्सं म्हणायच्या, "कादंबरीनं काय घोडं मारलंय?"

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायकाही यायच्या. ढकलगाड्यांवर, नुकत्या सुकलेल्या गरम कपड्यांच्या ढिगांना टेकून बसायच्या आणि प्रत्येकीनं सांगायचं, या आठवड्यात काय वाचलं, पुढं काय वाचणार. गणवेशांची बटणं लावणारी पोरगी, तिला सगळ्या बटणवालीच म्हणत, खुनाच्या गोष्टी वाचायची आणि शेवटचं पान आधी बघायची. इस्त्रीच्या यंत्रावरची म्हातारी आरोग्याची मासिकं वाचायची, त्यामुळे दर शनिवारी एका नव्या रोगाची सगळ्यांना लागण व्हायची. वन्सं सगळ्यांत शेवटी बोलत. त्यांनी "पुढं मी..." असं म्हटलं की सगळ्यांचे हात घासापाशी थांबत.

गेल्या वर्षी वन्संना मेंदूचा झटका आला. हलका. हात चालत होते, पाय चालत होते, जिभेला तर काहीच झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. काही आठवड्यांनी त्या कामावर परतल्या आणि त्यांनी नवी कादंबरी सुरू केली.

एक फरक वहिनीला जाणवला होता. चादरीच्या कोपऱ्यावर विभागाचा शिक्का असतो, बालविभाग, प्रसूती, शस्त्रक्रिया. त्याप्रमाणे ढीग लावायचे. वन्सं आता म्हणत, "तू लाव, मला वाकवत नाही." वहिनीला वाटलं, आजारपणाचा अशक्तपणा.

नव्या कादंबरीत एक माणूस होता. साधाच, कारखान्यात जाणारा. एके सकाळी चादरीची टोकं जुळली आणि वन्सं म्हणाल्या, "तो बूट घालण्याआधी भिंतीवर उलटे आपटायचा. आत विंचू असेल म्हणून."

वहिनीच्या हातातून टोक सुटलं. तिचा नवरा तेच करायचा. तिसऱ्या मजल्यावर विंचू कुठून येणार, म्हणून ती त्याला हसायची.

पुढच्या घडीला तो माणूस दाढी करताना आरशाशी वाद घालू लागला. त्याच्या पुढच्या घडीला बायकोची वेणी फार घट्ट झाली म्हणून त्यानं ती सोडून पुन्हा घातली. ही गोष्ट वहिनीनं आजवर कुणाला सांगितली नव्हती. वन्संनी ती कधीतरी दारातून पाहिली असणार.

तेव्हाच वहिनीला कळलं, की असं पुस्तक कुठंच नाही. त्याच वेळी तिनं विचारायला हवं होतं. पण तिला लोभ सुटला. तिनं चादर ताणली, झटका दिला, भराभर पुढं आली आणि म्हणाली, "मग?"

महिनाभर तो माणूस त्या दोघींमध्ये ये-जा करत राहिला. वहिनी सकाळी लवकर उठू लागली. आणि जसजशी गोष्ट पुढं जाई, तसतसा तिचा जीव टांगणीला लागे. तो माणूस एक दिवस कामावरून येताना रस्त्याच्या कडेला बसणार होता आणि उठणार नव्हता. वन्संही आता वाक्यं तोकडी करत होत्या. एक अख्खी सकाळ त्यांनी त्याला नुसता चहा पाजला.

शनिवारी बटणवाली म्हणाली, "मावशी, ते पुस्तक मला द्या ना. मला तो माणूस फार आवडलाय. रविवारी वाचते, सोमवारी परत."

"वाचनालयाचं आहे."

"मग नाव सांगा. मी काढून आणते."

वन्संचा घास हातातच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते वहिनीनं याआधी एकदाच पाहिलं होतं, भावाची बातमी आली त्या दिवशी.

"माझ्याकडे आहे ते," वहिनी म्हणाली. "मी वाचतेय."

सगळ्या खो खो हसल्या. "तू?" इस्त्रीवाली म्हातारी म्हणाली. "अगं, तुझं वाचून होईतो आम्ही सगळ्या वर जाऊ."

"मग पुढच्या शनिवारी तूच सांगायचं हं काकू," बटणवाली म्हणाली. "काय वाचलं, पुढं काय वाचणार. सुटका नाही."

घरी आल्यावर वन्संनी चपला काढल्या आणि खुर्चीत न बसता जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या.

"कधीपासून?" वहिनीनं विचारलं.

"दवाखान्यातून आले तेव्हापासून. अक्षरं दिसतात गं. पण ओळख देत नाहीत. रोजच्या उठण्याबसण्यातलं माणूस रस्त्यात तोंड फिरवून निघून जावं, तशी. लिहिता येतं मला. आणि मीच लिहिलेलं मला वाचता येत नाही. वेड्यासारखं आहे की नाही?"

"मला सांगायचंत तरी."

"काय सांगू? शनिवारी काय सांगू? काही वाचलं नाही, पुढंही काही वाचणार नाही?" वन्संनी तोंडावर पदर घेतला. "मला रचता येत नाही, वहिनी. मला वाचलेलं तेवढं सांगता येतं. दुसरं काही आठवेना, म्हणून दादाला घेतला. आता तोही संपत आला. त्याच्यानंतर माझ्याकडे काही नाही."

"त्यांना मारू नका," वहिनी म्हणाली.

"मी मारतेय का त्याला?"

त्या आठवड्यात घडीच्या वेळी दोघी गप्प होत्या. टोकं जुळत, बोटं लागत आणि नुसती यंत्रं ऐकू येत. वहिनी वाचनालयात गेली आणि त्यातल्या त्यात मोठ्या अक्षरांचं पुस्तक घेऊन आली. संध्याकाळी ती बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागली. वन्संनी थोडा वेळ सोसलं.

"वाचतेस की दगड फोडतेस? ठेव ते. मला ऐकवत नाही."

वहिनीनं पुस्तक मिटलं. वन्सं भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्या रडताहेत हे पाठीवरून कळत होतं, पण हात ठेवायची वहिनीची हिंमत झाली नाही.

शनिवारी सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. वहिनीनं डबा बाजूला ठेवला. ती म्हणाली, "तो कामावरून निघाला. रस्त्यात त्याला जरा बरं वाटत नव्हतं, म्हणून तो कडेला बसला." वन्संनी डोळे मिटून घेतले. "मग उठला. घरी आला. बायकोनं विचारलं, उशीर का? तर म्हणाला, बसलो होतो जरा. मग जेवले दोघं."

"पुढं?" बटणवालीनं विचारलं.

"पुढं काही नाही. संपलं."

"एवढंच? काही झालंच नाही की मग."

"नाही," वहिनी म्हणाली. "काही झालं नाही."

तिला वाटलं होतं, असं म्हटल्यानं निदान वन्संना थोडं हलकं वाटेल. पण घरी जाताना वन्सं एवढंच म्हणाल्या, "तुला रचता येतं. मला तेही येत नाही."

थंडीत वहिनी तापानं घरी राहिली. त्या दिवशी ढीग वन्संना लावावे लागले आणि संसर्गाच्या विभागाच्या चादरी बालविभागात गेल्या. वेळीच लक्षात आलं, कुणाला काही झालं नाही. पण सुपरवायझरबाईंनी वन्संना बोलावून समोर एक कागद धरला आणि म्हणाल्या, वाचा. आवाज त्यांनी चढवला नाही. तो दिवस वन्संच्या नोकरीचा शेवटचा ठरला.

आता त्या दिवसभर खिडकीपाशी बसून असत. जेवण अर्धं टाकत. वेणीसुद्धा वहिनीनं घातली तरच. वहिनी चादरींच्या घड्या बटणवालीबरोबर घाली आणि सुट्टीत, घास तोंडात असताना, संध्याकाळची पानं आधीच वाचून ठेवी, म्हणजे घरी कमी अडखळायला होईल. अडखळायचीच. वन्संनी तिला थांबवणं सोडलं होतं, आणि ते वहिनीला जास्त भीतीचं वाटे. त्या ऐकतात की नाही, कळत नसे. शनिवारी ऐकलेलं ती घरी येऊन सांगायची. बटणवालीच्या पुस्तकात खुनी निघाला डॉक्टर, म्हातारीला आता गुडघ्याचा नवा रोग झालाय. आणि मग विचारायची, "वन्सं, पुढचं काय आणू?"

"काही नको."

"नाव तरी सांगा एखादं."

वन्सं खिडकीबाहेर बघत. वहिनी मग मनानंच काहीतरी आणायची, आणि ते पुस्तक आधीच्यापेक्षा जाड असेल एवढं बघायची. जाड पुस्तक अर्धं सोडून कुणी कसं जाईल, असं तिला वाटायचं.

उन्हाळा लागता लागता वन्संना दुसरा झटका आला. सकाळी वहिनी त्यांना उठवायला गेली आणि त्या उठल्या नाहीत. भेटायला आलेल्या बायका विचारत, शेवटचं काय बोलल्या? वहिनी म्हणायची, काही नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. आदल्या संध्याकाळी ती नेहमीसारखी वाचत होती. भरभर, कारण त्या दिवशी वन्संनी जेवणाला हातही लावला नव्हता आणि तिला त्या प्रकरणाच्या शेवटाला पोचायचं होतं. ते संपलं तेव्हा तिनं विचारलं, पुढचं काय आणू. वन्संनी मान वळवली आणि म्हणाल्या, "पंखा जरा कमी कर, वहिनी. मघाशी एक पान गाळलंस तू."