कुरवंड्याच्या मुलींची रेषा

प्रोबिट हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला रागच आला. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या पुण्यातल्या एका लहानशा संस्थेत मी नुकती कामाला लागले होते. आमचे सर फळ्यापुढे उभे राहून ही पद्धत समजावत होते. ती निघाली होती किडे मारणाऱ्यांच्या कामातून. औषधाची मात्रा वाढवत न्यायची, प्रत्येक मात्रेला किती किडे मेले ते पाहायचं, आणि निम्मे किडे मरायला किती औषध लागतं ते काढायचं.

"किडा अर्धामुर्धा मरत नाही," सर म्हणाले. "मेला किंवा जगला. मुलीचंही तसंच. लग्न झालंय किंवा नाही. औषधाच्या जागी वय घाला."

"म्हणजे वय हे विष."

"गणिताला ते कळत नाही, बाई. तुम्हाला कळलं की पुरे."

मला चांगलंच कळत होतं. तळेगावच्या आमच्या घरात देवघरापेक्षा पत्रकांचा गठ्ठा मोठा होता. वडील शाळामास्तर. बालविवाह, दारू, शिवाशिव, जे जे मोडायचं त्या प्रत्येकावर त्यांच्याकडे एकेक पत्रक असे, आणि मी अक्षरं गिरवली ती त्यांवरच. पुढे मीही पत्रकं लिहिली. पत्रकात 'असंख्य' आणि 'सर्वत्र' एवढ्यावर भागतं. पण आता मला कुरवंड्यात मुलींसाठी पाचवीचा वर्ग हवा होता, आणि तो देणं न देणं तालुक्याच्या शाळा कमिटीच्या हातात होतं. तिथे 'असंख्य'ला कोणी विचारत नाही.

लोणावळ्याहून डोंगरकडेनं कुरवंड्याला जायचं. तिथली शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर लोणावळ्याला चालत जावं लागे, आणि मुलींना एवढ्या लांब एकटं कोणी धाडत नसे. त्या शाळेत एक मुलगी होती. चौथी पास होऊनही ती रोज शाळेत येऊन चौथीतच बसायची. मास्तर फळ्यावर हिशेब मांडायचे आणि त्यांच्या आधी हिचं उत्तर तयार असायचं. मी तिच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "फुडं वर्गच न्हाई, मग कुटं बसंल? हाय तितंच बसती. घरी बसून काय रांगोळी काढायची?"

त्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्यांसाठी मला वर्ग हवा होता. म्हणून सरांनी आसपासच्या वाड्यांची पाहणी माझ्याकडे दिली तेव्हा मी हरखून गेले.

वय विचारणं हेच मोठं काम. मुलीचं वय आया वर्षांत सांगत नसत. "घाटात इजंची गाडी आली तवा ही पाळण्यात व्हती," असं सांगत, आणि तिथून मला मोजत यावं लागे. त्यात बालविवाहाच्या कायद्याची भीती. लग्न झालेली मुलगी केवढीही दिसो, तिचं वय कायद्यात बसेल एवढंच सांगायचं, हे सगळ्या वाड्यांना पाठ होतं. मी आगगाडी, धरणाचं काम, थोरल्या भावाचं जावळ असले धागे धरून खरं वय काढत असे. मग संस्थेत येऊन हिशेबाच्या यंत्राचा दांडा फिरवायचा. प्रत्येक वयाच्या मुलींत लग्न झालेल्या शेकडा किती, तो आकडा कोष्टकात घालून प्रोबिट काढायचा. एरवी जी रेष आधी आडवी, मग एकदम चढ, मग पुन्हा आडवी अशी वळत जाते, ती या कोष्टकातून सरळ होऊन निघते. प्रोबिटात निम्म्याला पाच हा आकडा येतो; ती रेषा या पाचाच्या खुणेला जिथे छेदते, त्या वयापर्यंत निम्म्या मुलींची लग्नं झालेली असतात. ठिपके रेषेवर बसले तेव्हा सर खूश झाले. मी नाही. छेद फार लहान वयात पडला होता.

कमिटीचे अध्यक्ष मावळातले मोठे जमीनदार. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी आमचा कागद लांब धरून पाहिला.

"ह्यात काय म्हनलंय, ते साध्या मराठीत सांगा."

मी सांगितलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"मंजी निम्म्या पोरी पाचवीच्या वयालाच लगीन होऊन मोकळ्या. मग वर्गात बसायला पोरी आनायच्या कुटनं? तुमच्या तळेगावातनं?"

सभासद हसले. वर्ग नामंजूर झाला नाही, पण पौषातल्या पुढच्या बैठकीवर गेला, आणि तिथे तो मरणार हे स्पष्ट होतं. आमच्याच रेषेनं त्याचा गळा धरला होता.

मी तशीच कुरवंड्याला गेले. दारात ती मुलगी शेणी थापत होती. गळ्यात मंगळसूत्र. मी ते याआधीही पाहिलं होतं, पाहणीत 'विवाहित' म्हणून तिची नोंदही माझ्याच हातची होती. त्या दिवशी मात्र मी दारातच थांबले आणि तिच्या आईला विचारलं,

"मावशी, हिला सासरी कधी धाडणार?"

"आत्ता कुटं? शानी व्हऊ दे, मग नांदाया जाईल. तवर माजीच हाय." मावशींनी मला नीट न्याहाळलं. "तुमच्यात लगीन लागलं की त्याच दिशी पोर उचलून नेत्यात व्हय?"

परत येताना मी जवळजवळ धावत होते. पुण्याहून आखून आलेला प्रश्न होता लग्न झालं का, आणि वर्गाला हवा असलेला प्रश्न होता मुलगी घरी आहे का. मावळात या दोन्हींमध्ये कित्येक वर्षांचं अंतर असतं. बालविवाहावर तुटून पडणाऱ्या आम्हा पत्रकवाल्यांना लग्नाचा दिवस तेवढा दिसतो. पुढची माहेरची वर्षं कोणाच्याच हिशेबात नव्हती.

सरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "उत्तर आवडलं नाही म्हणून प्रश्न बदलायचा, याला शास्त्र म्हणत नाहीत."

"सर, वर्गातल्या सतरंजीवर लग्न बसत नाही. मुलगी बसते. कमिटीला तेच जाणून घ्यायचंय."

त्यांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. पण रेषा येईल तशी कमिटीपुढे ठेवायची. तुमच्या विरुद्ध गेली तरी. कबूल?"

"कबूल."

"मग लगेच निघा. श्रावण लागतोय, लावण्या उरकल्यात, बायका घरी भेटतील."

मी नाही म्हणाले. सर चकित झाले, कारण घाई मलाच होती. पण श्रावणात पंचमी येते. नांदत्या मुली पंचमीला माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात, घराघरात पोरीच पोरी दिसतात. त्या दिवसांत विचारलं असतं तर रेषा माझ्या मनासारखी झुकली असती, आणि खोटी ठरली असती. दिवाळीचंही तेच. मुली घरी आहेत असं खोटं दाखवून वर्ग मिळवायचा आणि जूनमध्ये सतरंज्या रिकाम्या ठेवायच्या, हे मला नको होतं. आबा बरोबर ठरले असते आणि पुन्हा कोणी मुलींचं नाव काढलं नसतं.

मी मार्गशीर्षापर्यंत थांबले. खळ्यांवर भाताची झोडणी चालली होती, सगळीकडे पेंढ्याचा भुसा उडत होता, आणि मी त्यातून खोकत खोकत दारोदार एकच विचारत होते: ही आज कुठे नांदते, इथे की तिथे? पुढे लोणावळ्याच्या थंडीनं बोटं बधिर व्हायची. संस्थेत यंत्राचा दांडा फिरवताना मात्र ती गरम झाली. ठिपके एकेक करून बसले, सरांनी पट्टी ठेवली, रेघ ओढली. छेद उजवीकडे, मोठ्या वयाकडे सरकला होता. थोडाथोडका नाही, पाचवी, सहावी, सातवी, तिन्ही इयत्ता त्या अंतरात आरामात मावत होत्या.

 "दांडा परत फिरवा," सर म्हणाले. "दुसऱ्यांदा हिशेब करा." मी केला. रेषा हलली नाही.

बैठकीत आबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिली रेषा लग्नाची, दुसरी नांदायला जाण्याची. हा माणूस चलाख होता, त्याला मधली जागा लगेच दिसली. पण तो सहजासहजी हार मानणारा नव्हता.

"ही मोजनी तुमी पंचमीत केली आसंल," ते म्हणाले. "पंचमीला आमच्या वाड्यावर सुदिक धा पोरी मोजल्या असत्या तुमी."

सभासद हसायला लागले. मी थांबले. हसणं संपू दिलं.

"नाही आबा. झोडणीत केली."

"झोडनीत?"

"झोडणीत कुठली सासू सुनेला माहेरी धाडते? उलट एरवी माहेरी असणाऱ्यांनासुद्धा हाताशी म्हणून बोलावून घेते. आम्ही आमच्याच विरुद्ध मोजलंय. खरी रेषा असेल तर याच्याही उजवीकडेच असेल."

 कोपऱ्यातले एक म्हातारे सभासद म्हणाले, "आबा, तुमच्या धाकल्या सुनंला तुमी औंदा झोडनीलाच आनली न्हवं? पोर रडत आली व्हती."

"आनली," आबा म्हणाले. "मानसं कमी व्हती." मग ते स्वतःच हसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लिवा वर्ग मंजूर. ह्या बाईच्या नादी लागन्यात अर्थ न्हाई, ही खळ्यावर येऊन मोजती."

मी मान ताठ ठेवून बाहेर आले. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता आणि तो लपवावासा वाटला नाही. बैठकीला आलेले सर स्टेशनपर्यंत मागून चालत होते. ते एवढंच म्हणाले, "दोन्ही रेषा एका कागदावर छापायला हव्यात." त्यांच्या तोंडून ती मोठी शाबासकी होती.

जूनमध्ये वर्ग उघडला तेव्हा सतरंज्या पुरल्या नाहीत, मागच्या मुली घरून गोणपाटं घेऊन आल्या. चौथीत बसणारी ती मुलगी पाचवीत पहिल्या रांगेत बसली. पुढे दर वर्षी एकेक इयत्ता वाढत गेली. सातवीच्या वर्षी, माघात, तिचा सासरा तिला न्यायला आला. मी त्या दिवशी तिथेच होते. मावशींनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला, आणि उंबऱ्यावर ठाण मांडलं.

"काय न्यायचं ते परीक्षा झाल्यावर न्या, भाऊ."

"आवं पन पोर शानी झाली की."

"झाली. आन सातवीबी व्हयाची हाय. अर्धी सातवी घिऊन काय करशीला?"

सासऱ्यानं गूळ तोंडात टाकला, आत डोकावून पाहिलं. मुलगी पाठमोरी बसून मोठ्यानं वाचत होती, थांबली नाही.

"परीक्षा कवा हाय?" त्यानं विचारलं.

मी महिना सांगितला. त्यानं पागोटं सारखं केलं आणि एकटाच लोणावळ्याच्या वाटेला लागला.