देवस्थानचे बिटकॉइन आणि सुट्यांचा पत्ता

शिमगा संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी पेडणे तालुक्यातल्या एका देवस्थानच्या बिटकॉइनच्या पत्त्यावर शून्य दिसू लागले. आदल्या दुपारपर्यंत त्याच पत्त्यावर सभामंडपाच्या छपरासाठी मिळालेली देणगी होती. समितीचा खजिनदार माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी साखळी गावात राहून एका दैनिकाला डिचोली तालुक्याच्या बातम्या देत असे. ही बातमी मी दिली नाही.

देणगी एका परदेशी पाहुण्याची होती. भावोजी हरमलला पर्यटकांना खोल्या भाड्याने देतात आणि हा पाहुणा दर हिवाळ्यात त्यांच्याकडे उतरत असे. एका जत्रेला तो गावात आला, छपराची अवस्था पाहिली आणि पैसे देऊ केले, पण बिटकॉइनमध्ये. त्याचा बँकांवर विश्वास नव्हता. समितीचा बिटकॉइनवर नव्हता. मात्र देणगी नाकारावी इतका अविश्वास कोणाच्याच मनात नव्हता.

देणगी घ्यायची तर वॉलेट हवे, म्हणजे बिटकॉइनच्या चाव्या सांभाळणारा प्रोग्राम. तो निवडण्यासाठी समितीची सभा झाली. मी त्या दिवशी बहिणीकडे जेवायला गेलो होतो, म्हणून सभेलाही बसलो.

"मोबाईलातला नको," अध्यक्ष म्हणाले. "मोबाईल खिशात ऱ्हवता. खिसो कॅसिनोत जाता."

यावर चर्चा झाली नाही. भावोजींच्या घरी पाहुण्यांच्या नोंदी करायला एक कॉम्प्युटर होता. तो जड होता आणि टेबलावरून हलत नव्हता. प्रोग्राम त्यावर घालायचा असे ठरले.

भावोजींनी तीन प्रोग्राम शोधून आणले होते. पहिला जगातल्या सगळ्या व्यवहारांचा इतिहास स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेत असे. गावातल्या नेटवर ते काम पावसाळ्यापर्यंत चालले असते, पण अध्यक्षांना त्याचा बोजा आवडला. दुसऱ्यात चाव्या कंपनीकडे राहत.

"म्हणजे पेटी आमची, चावी तेंची?" अध्यक्षांनी विचारले आणि दुसरा बाद झाला.

तिसरा हलका होता. त्याचा कोड उघडा होता, कोणीही वाचावा असा.

"ह्येचो मालक कोण?"

"मालक कोणच नाय," भावोजी म्हणाले.

"मगे बिघडला तर भांडूचा कोणाकडे?"

पहिल्या आणि तिसऱ्याला सारखीच मते पडली. तेव्हा देवाला कौल लावायचे ठरले. पुजाऱ्याने मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावल्या, हलक्या प्रोग्रामसाठी उजवी मागितली आणि उजवी पाकळी पडली. नेटाचा वेग देवालाही ठाऊक आहे, असे मागून कोणीतरी म्हणाले. इतिवृत्तात ते आले नाही.

प्रोग्रामने सुरुवातीलाच बारा इंग्रजी शब्द दाखवले. ही जादा चावी. कॉम्प्युटर बिघडला किंवा चोरीला गेला तर दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर हे बारा शब्द त्याच क्रमाने घातले की वॉलेट पुन्हा उघडते. गावात मानकऱ्यांची घराणी बारा आहेत. शब्द बारा आणि घराणी बारा, हा देवाचाच संकेत आहे यावर एकमत झाले. प्रत्येक घराण्याला एक शब्द, मानाच्या क्रमाने, देवासमोर चिठ्ठीत.

अडचण पाचव्या आणि सहाव्या घराण्यात होती. पाचवे कोण याचा वाद माझ्या बहिणीच्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे. एका घराण्याचे मानकरी निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. दुसऱ्याचे टिपर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, खाणी चालू असताना पाळी गावच्या रस्त्यावर धावत. जत्रेला मानाचे नारळ वाटताना पुजारी या दोघांसाठी दोन हातांत दोन नारळ घेतो आणि एकाच क्षणी देतो. शब्दांच्या चिठ्ठ्याही तशाच दिल्या. चिठ्ठ्यांवर अनुक्रमांक घालावेत असे भावोजींनी सुचवले होते. अनुक्रमांक घातला तर पाचवे कोण ते लेखी ठरते, असे दोन्ही घराण्यांनी लक्षात आणून दिले. चिठ्ठ्या कोऱ्या पाठीने वाटल्या गेल्या.

देणगी आली. पत्ता देवळाच्या फलकावर रंगवला. बिटकॉइनच्या कुठल्याही पत्त्यावर किती आहे ते जगातल्या कोणालाही पाहता येते, आणि गाव ते रोज पाहू लागला. दुकानात, बस थांब्यावर, माडाखाली, ज्याच्या हातात मोबाईल तो लेखापरीक्षक.

त्या शनिवारी छपराच्या पत्र्यांची आगाऊ रक्कम द्यायची होती. भावोजींनी देणगीचा सुमारे तिसरा हिस्सा म्हापशातल्या एका खरेदीदाराला विकला. त्याचे रुपये समितीच्या बँक खात्यात जमा झाले. रविवारी सकाळी लोकांनी मोबाईल उघडले तेव्हा फलकावरच्या पत्त्यावर दोन हिस्से उरायला हवे होते. काहीच नव्हते. उरलेली रक्कम कोणीही न ऐकलेल्या एका नव्या पत्त्यावर गेलेली दिसत होती.

बहिणीचा फोन आला तेव्हा मी साखळीच्या बाजारात होतो.

"दादा, अध्यक्ष म्हणतत, पुढच्या रविवारच्या सभेत खुलासो झालो नाय तर सोमवारी गाराण्यात ह्येंचा नाव येतला. तू ये."

गाऱ्हाणे म्हणजे देवासमोर गावाच्या वतीने मोठ्याने मांडलेली विनंती. एकेक वाक्य पुजारी म्हणतो आणि जमलेले लोक होकार देतात. पैसे खाल्ल्याच्या संशयात कोणाचे नाव त्यात आले, तर ते पुसणारी तरतूद नाही. बहिणीच्या थोरल्या मुलीचे लग्न ठरायचे होते.

मी पोहोचलो तेव्हा भावोजी कॉम्प्युटरसमोर बसले होते. त्यांनी अंघोळ केली नव्हती.

"येवा, पत्रकारांनू," ते म्हणाले. "चोराची मुलाखत घेवा."

पैसे गेले असेच त्यांनाही वाटत होते. पण पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एकूण शिल्लक बरोबर होती, दोन हिस्से. खाली पत्त्यांच्या दोन याद्या होत्या. एक उघडी, पैसे स्वीकारण्याच्या पत्त्यांची. दुसरी मिटलेली. ती उघडली तेव्हा तिच्या पहिल्याच ओळीत तो अनोळखी पत्ता होता आणि त्याच्यापुढे उरलेली रक्कम.

प्रोग्रामच्या मदतीच्या पानावर त्याचे कारण होते. देणगी एकाच वेळी आली होती, म्हणून तिचा एकच तुकडा. तुकडा खर्च करायचा तर पूर्ण खर्च होतो. खरेदीदाराचा हिस्सा खरेदीदाराला जातो, उरलेला परत येतो. पण तो आधीच्या पत्त्यावर येत नाही. प्रोग्राम त्याच वॉलेटमध्ये नवा पत्ता तयार करतो आणि सुटे तिथे ठेवतो. कोणाकडे किती आहे ते परक्यांना सहज कळू नये म्हणून ही सोय. इथे ज्यांना ते कळू नये ते परके म्हणजे सगळा गाव होता.

भावोजींनी त्याच संध्याकाळी अध्यक्षांना घरी बोलावले.

"पोदेर सकाळी पाव घेवन येता," भावोजींनी सुरुवात केली. "तुमी तेका पाचशेची नोट दिलात. नोट फाडून देवंक येता?"

"नाय."

"तो सुटे देता. ते सुटे तुमी दुसऱ्या खिशात घालतात. झाला. हो दुसरो खिसो."

अध्यक्षांनी पडद्याकडे पाहिले.

"खिसो कोणाच्या सदऱ्याचो?"

"त्याच सदऱ्याचो. देवस्थानाच्या."

"तुझ्या घरात, तुझ्या टेबलार, तुझ्या कॉम्प्युटरात," अध्यक्ष म्हणाले. "सदरो देवस्थानाचो ह्या सांगता कोण? तूच."

मी सांगतो म्हणालो. ते माझ्याकडे वळले.

"तुमी मेवणे."

मुद्दा बिनतोड होता. त्या प्रोग्राममध्ये दुसरे, खाजगी वॉलेटही उघडता येते. पडद्यावर काय दिसते यावरून पत्ता कोणाचा ते सिद्ध होत नव्हते. सिद्ध करण्याचा एकच मार्ग होता. बारा घराण्यांनी आपापले शब्द आणायचे आणि ते भावोजींचा हात न लागलेल्या कॉम्प्युटरवर घालायचे. त्या बारा शब्दांतून दोन्ही पत्ते निघाले, तर दोन्ही देवस्थानचे.

पुढच्या रविवारी समितीची सभा पेडण्याच्या बाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात भरली. दुकानदार गावाबाहेरचा, कोणाचाही सोयरा नसलेला. बारा मानकरी चिठ्ठ्या घेऊन आले. त्यांच्या मागून बाकीचा गाव आला आणि जो आत मावला नाही तो काचेला नाक लावून उभा राहिला. जगभर जे शब्द गुपित ठेवा असे सांगतात, ते एकेक मानकरी मोठ्याने वाचू लागला, कारण दुकानदाराला चिठ्ठीवरचे बारीक अक्षर दिसत नव्हते.

चौथ्या शब्दानंतर काम थांबले.

"पाचवा आमचा," मास्तर म्हणाले.

"जल्मात नाय," टिपरवाले म्हणाले.

चिठ्ठ्या वाटताना पुजाऱ्याच्या उजव्या हाताला कोण होते यावर दोन मते होती. दोन्ही मतांना साक्षीदार होते. भावोजींच्या घरच्या कॉम्प्युटरवर मूळ क्रम पाहता आला असता. पण तो त्यांनी सांगितला असता तर पैशांच्या संशयात मानातल्या ढवळाढवळीचीही भर पडली असती. मी सुचवले की आधी एक क्रम घालून पाहू, नाही चालला तर दुसरा.

"आधी कोणाचो?" दोघांनी एकदम विचारले.

दुकानात दोन कॉम्प्युटर होते. दुसऱ्यावर दुकानदाराची बायको एका मुलाचा दाखला टाईप करत होती. तिला तो बाजूला ठेवायला सांगण्यात आले. दोन्ही कॉम्प्युटरवर प्रोग्राम उतरवला. एकावर मास्तर पाचवे, दुसऱ्यावर टिपरवाले पाचवे. नवरा-बायकोने बारा-बारा शब्द टाईप केले आणि अध्यक्षांनी हात वर करून खाली आणला तेव्हा दोघांनी एकदम बटण दाबले.

मास्तरांच्या कॉम्प्युटरने शब्द चुकीचे असल्याचे सांगितले. टिपरवाल्यांचा उघडला.

पहिली यादी उघडली. तिच्यात फलकावरचा पत्ता, शून्य. दुसरी उघडली. तिच्यात नवा पत्ता आणि त्याच्यापुढे दोन हिस्से. काचेबाहेरच्यांनी आपापल्या मोबाईलवर आकडे जुळवले. अध्यक्षांनी स्वतः चष्मा लावून पत्त्याचे एकेक अक्षर ताडून पाहिले. दोन्ही खिसे एकाच सदऱ्याचे निघाले.

"मगे फलकार दोनय पत्ते आधीच कित्याक लिवलस नाय?" त्यांनी भावोजींना विचारले.

"तेव्हा दुसरो जल्माक येवंक नव्हतो."

भावोजींकडे त्यानंतर फारसे कोणी पाहिले नाही. टिपरवाल्यांकडच्या माणसाने शेजारच्या दुकानातून पेढे आणले. मास्तर म्हणाले की प्रोग्राम परदेशात तयार झालेला आहे, त्याला इथला मान काय कळणार, आणि या प्रकरणी ते समितीला लेखी कळवणार आहेत. तसे पत्र समितीला मिळाले.

बारा शब्द आता दोन कॉम्प्युटरवर, बारा घरांत आणि काचेला लागलेल्या सगळ्या कानांत होते. मी ते अध्यक्षांच्या कानावर घातले. त्यांनी दुकानदाराला शब्द पुसायला सांगितले. त्याने पुसले आणि टायपिंगचे पैसे घेतले. भावोजी तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच दुपारी त्यांनी घरी नवे वॉलेट तयार केले आणि दोन साक्षीदारांसमोर सगळी रक्कम तिथे हलवली. या वेळी सगळीच हलवल्यामुळे सुटे उरले नाहीत. नवे बारा शब्द वाटण्यासाठी संध्याकाळी सभा बोलावली होती. मास्तर आले नाहीत. ती तहकूब झाली.

सोमवारी गाऱ्हाणे झाले. छपराचे काम निर्विघ्न पार पडावे, गावात एकोपा राहावा, परगावी गेलेली मुले सुखरूप असावीत, एवढेच पुजाऱ्याने देवाला सांगितले. भावोजींचे नाव घेतले गेले नाही. ते सभामंडपात पुढून तिसऱ्या रांगेत उभे होते आणि प्रत्येक वाक्याला इतरांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणत होते.