बंद करून राह्यलो

"बंद करून राह्यलो, ताई," दिलीपभाऊ फोनवर म्हणाले. मी "बरं" म्हटलं आणि सर्व्हरवरची एक छोटी फाईल डिलीट केली. त्या दिवशीची माझी चूक एवढीच. पण तिने पुढचा पाऊण तास खाल्ला.

आमची बियाण्यांची कंपनी आहे. ऑफिस जालन्यात, प्लॅन्ट बदनापूरच्या अलीकडे. शेतांतून आलेलं सोयाबीन प्लॅन्टमध्ये साफ करून पिशव्यांत भरतात. एकत्र भरलेल्या पिशव्यांच्या गटाला लॉट म्हणतात. प्रत्येक लॉटला नंबर असतो. त्यातले थोडे दाणे लॅबमध्ये ओल्या कागदात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवले ते मोजतात. पुरेसे उगवले तर लॉट पास, नाहीतर फेल. हा निकाल आमच्या वेब पेजवर दिसतो. गेटवरचा माणूस गाडीतल्या लॉटचा नंबर पेजवर टाकतो. हिरवं आलं तर गाडी सोडायची. लाल आलं तर गाडी परत आत.

हे पेज देणारा प्रोग्रॅम म्हणजे वेब सर्व्हर. तो प्लॅन्टमधल्या एका कॉम्प्युटरवर दिवसरात्र चालू असतो. जालन्यात बसून त्याची देखभाल करणं, हे माझं काम.

मी सावंतवाडीकडची. नववीत शाळा सुटली. कुडाळला एका कॉम्प्युटरच्या दुकानात झाडू मारायला लागले आणि तिथेच हे काम शिकले. नवरा इथल्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन, म्हणून जालन्याला आलो. इंटरव्ह्यूला वाघमारे साहेबांनी एक बिघडलेला सर्व्हर माझ्यापुढे ठेवला. मी तो चालू करून दाखवला. त्यांनी सर्टिफिकेट मागितलं नाही. नोकरीला चार महिने झाले होते आणि रोज सकाळी मला वाटायचं, आज मागतील. आजूबाजूच्या टेबलांवर सगळे इंजिनिअर.

तर त्या सकाळी अकराच्या सुमारास लॅबमधून खरात मॅडमचा फोन आला. त्या कधी घाईत बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

"सावंतताई, चारशे सतरा आणि चारशे एकाहत्तर, दोन लॉटचे निकाल उलटे चढलेत. चूक माझ्या टेबलाची. एकाहत्तर फेल आहे आणि पेज पास दाखवतंय."

"त्याची गाडी भरली?"

"भरणं चालू आहे. केदारखेड्याला जायचीय. आज गेली की उद्या दुकानात, परवा जमिनीत."

पेरलेलं बी परत पिशवीत भरता येत नाही.

निकाल मी दोन मिनिटांत दुरुस्त केले. पण आमच्या सर्व्हरची एक खोड आहे. तो लॉटची यादी सुरू होताना एकदाच वाचतो. मग दिवसभर तीच पाठ म्हणतो. नवी यादी वाचायला लावायची तर त्याला बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. आमचा नियम असा, की प्लॅन्टमधून दिलीपभाऊ तो बंद करणार आणि मी चालू करणार. कारण बंद करण्याआधी तिथल्या सगळ्यांना हातातल्या एंट्री सेव्ह करायला सांगावं लागतं. नाहीतर आरडाओरडा होतो. दिलीपभाऊ जालना जिल्ह्यातल्याच धावडा गावचे. प्लॅन्टचे सगळे कॉम्प्युटर तेच बघतात.

मी फोन लावला. "दिलीपभाऊ, सर्व्हर बंद करा. जल्दी."

"एकच मिनिट." मागे कुणाशी तरी बोलल्याचा आवाज. आणि मग ते वाक्य. "हां, बंद करून राह्यलो, ताई."

आमच्याकडे कोकणात हे वाक्य ऐकलं तर अर्थ एकच. बंद केलं आणि आता बसून राहिलोय. मी तोच घेतला.

आता त्या फाईलबद्दल. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला कॉम्प्युटर एक नंबर देतो. आमचा सर्व्हर सुरू झाला की आपला नंबर एका फाईलमध्ये लिहून ठेवतो. बंद करायची कमांड ती फाईल वाचते आणि त्या नंबरला सांगते, आवरा. सर्व्हर नीट बंद झाला की ती फाईल आपोआप जाते. मी बघितलं तर फाईल होती. लाईट गेल्यावर कधीकधी अशी जुनी फाईल मागे राहते आणि पुढे त्रास देते. मला वाटलं, तसंच असणार. उडवली. सर्व्हर चालू करायची कमांड दिली.

स्क्रीनवर उत्तर आलं, ऐंशी नंबरचा पोर्ट आधीच वापरात आहे. पोर्ट म्हणजे दार. या दारातून सर्व्हर पेज देतो आणि एका दारात दोघं उभे राहू शकत नाहीत. पण पहिला तर गेला होता ना? मी ब्राउझरमध्ये पेज उघडलं. उघडलं! चारशे एकाहत्तर टाकलं. हिरवं.

बंद असलेला सर्व्हर मला उत्तर देत होता. पुन्हा फोन.

"दिलीपभाऊ, तुम्ही बंद केलात ना?"

"आत्ताच एंटर मारलं, ताई. पण हा तं म्हणून राह्यला, सर्व्हर चालूच न्हाई म्हणे."

"आत्ता? मघाशी तुम्हीच म्हणालात, बंद करून राहिलो!"

"तेच तं. करून राह्यल्तो. केलं कुठं व्हतं? वजनकाट्यावाल्याची एंट्री आर्धीच व्हती, त्याच्यासाठी थांबल्तो."

तेव्हा कुठे मला कळलं. करून राह्यलो म्हणजे करतोय. काम हातात आहे, संपलेलं नाही. आमच्या शेजारच्या काकू दारातूनच सांगायच्या, "जेवून राह्यलो आम्ही." यांचं जेवण झालंय असं समजून मी सोलकढीचं भांडं तसंच परत घरी नेत होते. चार महिने! कुणीच मला काही बोललं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

म्हणजे झालं होतं असं. सर्व्हर जिवंत असतानाच मी त्याच्या दारावरची पाटी, म्हणजे ती नंबरची फाईल, काढून टाकली. बंद करणारी कमांड आली, तिला पाटी दिसली नाही. ती म्हणाली, इथे कुणी राहतच नाही. चालू करणारी आली, तर दार आतून धरलेलं. सर्व्हर बंदही होईना आणि नव्याने चालूही होईना. जुनी यादी मात्र सगळ्यांना वाचून दाखवत होता.

वाघमारे साहेब मागे येऊन उभे होते. "काय झालं, सावंत?"

मी सांगितलं. फाईल मी उडवली हेही सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले.

पोर्ट कोणी धरलाय ते बघितलं. नंबरांची यादी आली. त्यातला एक घेतला आणि किल केला, म्हणजे तो प्रोग्रॅम जबरदस्तीने संपवला. पेज बघितलं. चालूच. यादीत एक नवा नंबर आलेला. तो किल केला. आणखी एक आला.

"ताई, हा रक्तबीज हाय का काय?" दिलीपभाऊ फोनवरच होते.

"भाऊ, गप्प बसा हो."

मी बोलले आणि लगेच वाईट वाटलं. त्यांची काहीच चूक नव्हती. तिसरा, चौथा. माझी बोटं चालत होती, डोकं थांबलं होतं.

"गेटला फोन केला का?" साहेबांनी विचारलं.

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. केला नव्हता. खरात मॅडमना वाटलं, मी करीन. दिलीपभाऊंना वाटलं, ऑफिसातून झाला असेल. मला तर गेट आठवलंच नव्हतं. माझं भांडण सर्व्हरशी चाललं होतं.

साहेबांच्या टेबलावरून गेटला फोन लावला. गेटवर गफूरचाचा असतात.

"चाचा, चारशे एकाहत्तरची गाडी कुठे आहे?"

"सोडून राह्यलो, बेटी."

अर्ध्या तासापूर्वी हे ऐकलं असतं तर मी फोन खाली ठेवून रडत बसले असते. गेली गाडी, संपलं सगळं. आता मला कळत होतं, की सुटलेली नाही. सुटतेय.

"सोडू नका! चाचा, बॅरियर खाली टाका!"

"अरे, ड्रायवर हॉर्न मारून राह्यला. तुमचंच पेज हिरवं हाय."

"पेज खोटं बोलतंय!"

"मंग कागद दिखाव."

"कागद येतोय. बॅरियर टाका आधी!"

फोनमधून लोखंडाचा धाडकन आवाज आला. आणि मग ड्रायव्हरच्या शिव्या. त्या मी इतक्या आनंदाने कधीच ऐकल्या नव्हत्या.

पुढचं दिलीपभाऊंनी सांगितलं. फोनवर माझं बोलणं ऐकून त्यांनी लॅबकडे धाव घेतली आणि खरात मॅडम निकालाचं रजिस्टर छातीशी धरून निघाल्या. गाडीची पुढची चाकं रस्त्यावर आलेली. बॅरियर बॉनेटच्या मागे टेकलेला. मॅडम सरळ गाडीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, कॉम्प्युटर पास म्हणतो. तुम्ही कोण?"

"मी दाणे मोजणारी," त्या म्हणाल्या. "गाडी मागं घे."

गाडी मागे गेली. तो निरोप आल्यावर माझं डोकं पुन्हा चालू झालं. मी मारत होते ते सगळे नंबर म्हणजे सर्व्हरच्या हाताखालचे छोटे प्रोग्रॅम, त्याचे कामगार. त्यांच्यावर एक मुकादम असतो. एक कामगार कमी झाला की तो दुसरा उभा करतो. कामगार कितीही मारा, उपयोग नाही. हे मला कुडाळलाच माहीत झालेलं. घाबरल्यावर माहीत असलेलंही सुचत नाही. कोणाचा बाप कोण, हे दाखवणारी यादी काढली, मुकादमाचा नंबर शोधला आणि त्याला बंद व्हायला सांगितलं. सगळे एकदम गेले. पेज उघडेना. तरी मी यादी पुन्हा बघितली. रिकामी. सर्व्हर चालू केला, चारशे एकाहत्तर टाकलं. लाल.

दुपारी रिपोर्ट लिहायला बसले. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'भाषेमुळे झालेला गैरसमज'. साहेबांनी वाचलं आणि पेनाने खोडलं. मला वाटलं, आता शिक्षण विचारणार. त्यांनी वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'सर्व्हर बंद झाला का हे सर्व्हरला विचारलं नाही. गेटला फोन केला नाही.'

"दिलीप आपल्या घरच्या भाषेत बोलला. ती रिपोर्टात कशाला?" ते म्हणाले. "आणि फोन माझ्या टेबलावर होता. मलाही उशिराच सुचलं."

खाली दोन सह्यांची जागा होती. पहिली त्यांनी केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

आता मला कुणीही काहीही सांगो, आधी मी चालू प्रोग्रॅमची यादी बघते. आणि यादीच्याही आधी गेटला फोन. बॅरियरला पासवर्ड लागत नाही. तो एका झटक्यात खाली येतो.