भरलेलं गोदाम

संघटनेतले लोक त्याला दुर्बीण म्हणत. पंख्यांच्या कारखान्यात तो मोटारींचं वाइंडिंग करायचा आणि तारेचे वेढे देता देता पाच वर्षांपुढचं बोलायचा. आधीचे पुढारी उठसूट संप पुकारून तोंडघशी पडले होते. याने बैठकीत ठणकावून सांगितलं, "दोन वर्षं दम धरा. मिळेल तेवढा ओव्हरटाइम करा आणि संपाच्या निधीत टाका. मग ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर काम बंद. पंखे नाहीत म्हटल्यावर मालक येतोच दारात."

भल्याभल्यांनी माना डोलावल्या. मालकानेही ओव्हरटाइमला कधी नाही म्हटलं नाही. त्याचा हा चांगुलपणा एकालाही खटकला नाही, याचा अजून संताप येतो.

दुर्बीणची बायको त्याच कारखान्याच्या गोदामात पंखे खोक्यात भरायची, कंत्राटावर. गोदामातल्या बायकांना संघटनेत घ्यायचं योजनेत होतं, पण चौथ्या वर्षी. घरी आल्यावर ती पाय चोळत म्हणायची, "अहो, छतापर्यंत खोकी लागलीत. डबा खायला बसायलासुद्धा जागा नाही."

"मॅनेजरला सांग की," तो कागदातून मान वर न काढता म्हणायचा.

ऊन तापलं आणि संप झाला. झाडून सगळे बाहेर पडले. नवऱ्याच्या शब्दाखातर बायकोही घरी बसली. कंत्राटदाराने तिच्या जागी दुसरी आणली, आणि फाटकाबाहेर बसलेल्या कामगारांच्या डोळ्यांदेखत रोज ट्रक भरून जाऊ लागले. त्यांनीच जादा वेळ थांबून बनवलेले पंखे होते ते. दोन वर्षं घाम गाळून त्यांनी संपाच्या काळासाठी मालकाचीच सोय करून ठेवली होती.

"दुर्बीणराव," म्हातारा फिटर म्हणाला, "लांबचं सगळं दिसलं तुम्हाला. गोदाम तेवढं राहिलं बघा." कोणी हसलं नाही.

गोदाम रिकामं व्हायच्या आधी निधी संपला. माना खाली घालून सगळे जुन्याच पगारावर परत गेले. बायकोला मात्र कंत्राटदाराने फाटकावरूनच वाटेला लावलं. कंत्राटी बाईची बाजू घेणार कोण?

दुर्बीणने बैठकीत तिचा विषय काढला. "आधी आपलं निस्तरू दे," सगळे म्हणाले. "गोदामाचं पुढे बघू." हे असं बोलायला त्यानेच त्यांना शिकवलं होतं.

घरी बायकोने ताट वाढलं. "माझं काही ठरलं का?"

"पुढे बघू म्हणतात."

ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "जेवून घ्या आणि लवकर झोपा," ती म्हणाली. "तुम्हाला उद्या कामावर जायचंय."