मुंधिरच्या मॉडेलमधल्या घरबशा बायका

मुंधिरने बस सासरवाडीला पळवली, अशी आमच्या टेकडीवर महिनाभर आवई होती. पलीकडच्या टेकडीवर त्याचे सासू-सासरे राहतात म्हणे. म्हणून नवी बस तिकडे चढणार आणि आम्ही पायऱ्या झिजवणार. ही बातमी पसरवण्यात माझाही हातभार आहे, नाकारत नाही. पण खरं सांगायचं तर त्याची सासरवाडी माझ्याच गल्लीत, भाजीवाल्याच्या वरच्या मजल्यावर. आणि बस न आल्याने सगळ्यात जास्त गुडघे सुजलेत ते त्याच्याच बायकोचे. त्याची बायको मैसून शिवणाच्या कारखान्यात जाते. रोज दोनशे चौदा पायऱ्या उतरायच्या नि चढायच्या. त्यात आता सहावा महिना.

मुंधिर अम्मानमधल्या एका वाहतूक नियोजनाच्या कचेरीत कॉम्प्युटरपुढे बसतो. कुठल्या वस्तीतून रोज किती माणसं कुठे जातात, ते त्यात भरायचं. मग ते मॉडेल सांगतं की वीस वर्षांनी कुठे गर्दी होईल, आणि त्यावरून बस कुठे धाडायची ते ठरतं.

"अरे, कॉफीच्या कपात बघून मी फुकटात सांगते की!" मी म्हणायचे.

"रकानच्या आई, तुम्हालाच नोकरीला लावतो," तो हसायचा.

यंदा मॉडेल म्हणालं, या टेकडीवर बसला माणसंच नाहीत. झालं होतं असं, की पाहणीवाले घरोघर विचारून गेले होते: काल घरातलं कोण कुठे गेलं? परका पुरुष दारात आला की आमच्याकडे घरचा पुरुषच बोलतो. आणि आपल्या बायका कुठे जातात, हे परक्याला कोण सांगेल? "बायका घरीच असतात," एकाने सांगितलं, दुसऱ्याने सांगितलं, साऱ्या टेकडीने सांगितलं. शाळेतल्या बाई, दवाखान्यातली नर्स, मैसून, सगळ्या कागदावर घरात बसल्या.

आकडे पाहताच मुंधिरच्या ध्यानात आलं. तो साहेबांकडे गेला.

"बाबा रे, मनाने आकडा घालता येत नाही," साहेब म्हणाले. "घरच्या कर्त्याने दुरुस्ती लिहून दिली, तर गुरुवारपर्यंत घेतो."

मग हा दारोदार फिरला. न्हावी अबू हातिम वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. "म्हणजे माझी बायको गावभर हिंडते, असं म्हणतोस? तुझी मोज की, आमच्या कशाला मोजतोस?"

बाकीच्यांनी वस्तरा दाखवला नाही, एवढंच. शेवटी मुंधिर स्वतःच्या वडिलांपुढे कागद घेऊन बसला. मैसूनने हे सगळं मला नंतर सांगितलं.

"बाबा, घरचे कर्ते तुम्ही. निदान तुम्ही तरी लिहा. रोज सकाळी तिची पिशवी कोपऱ्यापर्यंत तुम्हीच नेता."

"नेतो ना. पिशवी नेणं वेगळं, आणि माझी सून बाहेर जाते असं सरकारला सही करून सांगणं वेगळं."

"तिला सहावा महिना आहे, बाबा."

"अल्लाह तिला बळ देवो," म्हातारा म्हणाला आणि त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

गुरुवार गेला. एकही कागद आला नाही. मुंधिरने त्याच आकड्यांवर मॉडेल चालवलं. त्याला चालवावंच लागलं. बस पलीकडे गेली. तिकडचे पुरुष काही आमच्यांपेक्षा मोकळे नाहीत. तिकडे मुलग्यांचं कॉलेज आहे, आणि मुलगे कुठे जातात ते कोणी लपवत नाही, इतकंच.

काल मैसून पायऱ्यांच्या मध्यावर चपला काढून बसली होती. मुंधिर तिची पिशवी धरून खालच्या पायरीवर उभा. माझी जीभ कुठली गप्प बसतेय!

"काय रे मॉडेलवाल्या, आज मी चारदा खाली उतरले. बाजार, दवाखाना, बहीण, पुन्हा बाजार. मला कुठे हरवलंस?"

तो हसला नाही.

"रकानच्या आई, दुरुस्तीचा कागद घेऊन मी तुमच्याकडेही आलो होतो. तुम्ही घराबाहेर पडत नाही, असं रकानचे बाबा मला दारात सांगत होते, आणि तुम्ही त्यांच्या मागून चहाचा ट्रे पुढे केलात. भाजीची पिशवी तेव्हा तुमच्या खांद्यालाच होती. तेव्हा का नाही बोललात?"