साचाखात्यातली खूण

सगळ्यात आधी सुलोचनामावशींचं नाव घेतो. अंबरनाथला मी ज्यांच्या पोटमाळ्यावर भाड्याने राहतो, त्या मावशी. त्या नसत्या तर माझी आई आज नसती. आता काय झालं ते सांगतो...

मी सातवीत शाळा सोडली. गाव वाशीमकडे. इथे उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाई करतो. भुताखेतांचं मी कधीच मानलं नाही. गावात कोणी असलं सांगायला बसलं की मी उठून जायचो. तुम्हाला हसायचं तर हसा, पण माझा जीव अजून थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

बदलापूरच्या रस्त्याला एक बंद पडलेली कापडाची मिल आहे. तिच्या एका शेडमध्ये आता म्युझियम केलंय. मावशींचे मालक, म्हणजे त्यांचे वारलेले मिस्टर, तिथेच कामाला होते. सुट्टीच्या दिवशी मावशी म्हणाल्या, "माझे गुडघे चालत नाहीत. तू जाऊन बघ, साचे तरी ठेवलेत का भंगारात घातले." साचा म्हणजे कापड विणायचा माग.

दुपारी गेलो. आत मी एकटाच. जुने फोटो, आडवं सूत नेणारे लाकडी धोटे, आणि शेवटच्या हॉलमध्ये ओळीने साचे – सगळे बंद. इतकं शांत की माझ्याच चपलांचा आवाज नको वाटत होता. वळलो, तर पलीकडच्या साच्याशी एक म्हातारा उभा. खाकी हाफपँट, बनियन. मला वाटलं, इथलाच कामगार.

"काका, हे चालू करून दाखवतात का?" मी विचारलं.

त्याने दोन्ही हातांची बोटं जुळवून डोक्यावर छप्पर केलं. मग खांद्यावरून पदर ओढल्यासारखं केलं. माझ्याकडे बोट, आणि मग अंगठा मागे, दाराकडे. परत तेच. परत तेच... घाईघाईने, चिडल्यासारखं. मला वाटलं बंद करायची वेळ झाली, घरी जा म्हणतोय. निघालो.

दारावरचा वॉचमन म्हणाला, "इतक्यात? अजून टाइम आहे की."

"आतले काका जा म्हणाले."

"कुठले काका? आत तू एकटाच गेलास भाऊ. दुसरा दरवाजा पण नाय."

आम्ही दोघं परत आत जाऊन बघून आलो. कोणी नव्हतं.

घरी आल्यावर हसत हसतच मावशींना ती खूण करून दाखवली. मावशी भाजी निवडत होत्या. हातातली मेथी तशीच राहिली.

"परत कर."

परत केली.

"अरे मेल्या, हसतोस काय! साच्यांच्या आवाजात कानाला काय ऐकू जायचं नाही, सगळं हातानेच बोलायचे. आमचे तर घरी पण भात वाढ म्हणून हातानेच सांगायचे. गेटवर कुणाचा घरून निरोप आला की ही खूण करायचे. घरच्या बाईचं काहीतरी झालंय, गेटवर जा. तुझ्या घरची बाई म्हणजे आईच. फोन लाव आईला!"

"मावशी, मी रात्री लावतो..."

"आत्ता लाव!"

आई गावी एकटीच असते. रिंग वाजत राहिली. तीनदा लावला. मावशी म्हणाल्या, "शेजारी कोण आहे? त्याला लाव." प्रकाशकाकांना लावला. ते म्हणाले, "सकाळी तर चांगली दिसली बे." मी म्हटलं, काका, पाया पडतो, एकदा बघून या. फोन चालूच होता. त्यांच्या चपलांचा आवाज, कडी, मग त्यांची हाक... आणि मग ओरडणं. आई गोठ्यामागे बेशुद्ध पडली होती.

प्रकाशकाकांनी तिला दवाखान्यात नेलं. साखर एकदम उतरली होती. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. ती रात्र मी गावच्या गाडीत काढली. डबा मावशींनी दिला होता, तो उघडलाही नाही. आई शुद्धीवर आल्यावर मलाच विचारते, "तू काहून फोन केला होता रे?"

परत आल्यावर मावशींना तो म्हातारा कसा दिसत होता ते सांगायला गेलो. त्यांनी हात वर केला. "नको सांगू. आमचे होते का ते मी तिथे जाऊनच बघेन."

तो कोण होता, मला अजून माहीत नाही. वॉचमनलाही नाही. पण मावशींचे गुडघे बरे करून घेणं आता माझ्याकडे लागलं. आणि ते झालं नाही तर, एक दिवस मी त्यांना पाठीवर घेईन आणि त्या साच्यांपर्यंत नेऊन उभं करीन.